‘फित्ना’ या शब्दाचे दोन अर्थ आणि गझालीचे लोकव्यवहारविवेचन

मोहापासून माणसाने स्वतःचे रक्षण कसे करावे, या प्रश्नाचे इस्लामी नीतिविचारातील उत्तर शोधावयाचे झाल्यास अभ्यासक बहुधा अबू हामिद अल्-गझाली याच्या ‘इह्या उलूम अल्-दीन’ या ग्रंथाच्या तिसऱ्या पादाकडे वळतात. हे स्वाभाविकच आहे. चाळीस ‘किताबां’चा हा ग्रंथ चार समान पादांत विभागलेला असून पहिला पाद उपासनेचा, दुसरा लोकव्यवहाराचा, तिसरा घातक दोषांचा व चौथा तारक गुणांचा आहे. उदर आणि कामवासना यांचा निग्रह, जिव्हेचे दोष, क्रोध, कीर्तिलोभ, अहंकार हे सारे विषय तिसऱ्या पादात येतात आणि तेथील मनोविश्लेषणाची सूक्ष्मता सर्वमान्य आहे. परंतु त्या पादातील माणूस प्रायः एकटा आहे. त्याच्यासमोर त्याचे अंतःकरण आहे आणि अंतःकरणासमोर सैतान. तोच माणूस रस्त्यावर उभा असतो, दुकानात मापे हाताळीत असतो, हमामात उतरत असतो किंवा मशिदीत शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, तेव्हा मोहाचे स्वरूप काय होते, याचे विवेचन मात्र दुसऱ्या पादात आढळते. विशेषतः सत्कर्माची आज्ञा व दुष्कर्माचा निषेध या विषयावरील एकोणिसाव्या किताबात. गझालीच्या विचारातील अत्यंत मोलाचा भाग तेथे आहे, आणि त्याच्या विचाराला पडलेली सर्वात मोठी भेगही तेथेच आहे.

ही भेग समजण्यासाठी आधी ‘फित्ना’ या शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे. अरबी कोशकार या शब्दाचे मूळ सुवर्णपरीक्षेत दाखवितात: सोन्याचा कस पाहण्यासाठी ते अग्नीत घालणे, असा त्या धातूचा आद्य अर्थ. मराठीत ‘तावून सुलाखून पाहणे’ या प्रयोगात जी क्रिया अभिप्रेत असते तीच ही. अर्थात फित्ना म्हणजे प्रथमतः कसोटी; आणि कसोटी ही ज्याची व्हावयाची त्याची असते. कुराणात संपत्ती आणि संतती यांना माणसाची फित्ना म्हटले आहे (8.28, 64.15), आणि एके ठिकाणी तर माणसांना परस्परांची फित्ना केल्याचा उल्लेख आहे (25.20). संतती ही फित्ना आहे म्हणून मुलांना घराबाहेर घालवावे, असा निष्कर्ष कोणत्याही भाष्यकाराने काढलेला नाही. बापाने मुलांच्या मायेपायी न्याय सोडू नये, एवढाच त्याचा आशय सर्वांनी घेतला. शब्दाचा हा पहिला अर्थ. दुसऱ्या अर्थाने फित्ना हा कसाला लागणाऱ्या माणसाचा प्रसंग राहत नाही, तर समोरच्या वस्तूचा अथवा व्यक्तीचा गुण बनतो. पहिल्या अर्थाने मोहापासून रक्षण म्हणजे स्वतःला आवरणे होय; दुसऱ्या अर्थाने रक्षण म्हणजे समोरच्याला दूर करणे. व्याकरणदृष्ट्या हा बदल किरकोळ असला तरी व्यवहारात तो मोठा ठरला.

मूळ साधनांत पहिल्या अर्थाचे प्राबल्य आहे. चोविसाव्या सूरेत (अन्-नूर) दृष्टी आवरण्याची आज्ञा येते ती आधी पुरुषांना (24.30) आणि मग स्त्रियांना (24.31). याहून अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, या आज्ञेच्या आधीची वचने (24.27 पासून) दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून व अभिवादनावाचून शिरू नये याविषयीची आहेत. हा क्रम आकस्मिक मानता येत नाही. कारण परवानगीचा नियम मुळात दृष्टीमुळेच घालून दिला आहे, असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस बुखारीच्या संग्रहात आहे. एक मनुष्य त्यांच्या दाराच्या फटीतून आत डोकावला, तो तिचा प्रसंग. म्हणजे दृष्टिसंयमाचा नियम हा केवळ कामवासनेचा नियम नव्हे. दुसऱ्याचे जे आहे त्यावर नजर न टाकण्याच्या व्यापक शिस्तीचा तो एक भाग आहे.

रस्त्याविषयीची प्रसिद्ध हदीसही याच दिशेची आहे. वाटेवर बैठक मारू नका, असे पैगंबरांनी सांगितले असता सहकाऱ्यांनी अडचण मांडली की, त्यांच्या बोलण्याबसण्याच्या जागा त्याच आहेत. तेव्हा आज्ञा मागे घेतली गेली आणि तिच्या जागी अट आली: मग रस्त्याचा हक्क रस्त्याला द्या. तो हक्क कोणता, तर नजर खाली ठेवणे, कोणास उपद्रव न देणे, अभिवादनास उत्तर देणे, सत्कर्म सांगणे व दुष्कर्मापासून परावृत्त करणे. येथे रस्ता हाच हक्कदार कल्पिला आहे, ही कल्पना मोठी रम्य आहे. रस्त्याने जाणाऱ्याने आपला मार्ग बदलावा असे येथे कोठेही सुचविलेले नाही. बंधन आहे ते बसणाऱ्यावर.

निरोपाच्या यात्रेतील (इ. स. 632) एक प्रसंग तर या अर्थाचे मूर्त रूपच होय. पैगंबरांच्या मागे त्याच वाहनावर त्यांचा तरुण चुलतभाऊ अल्-फज्ल इब्न अब्बास बसलेला होता. खसअम जमातीची एक स्त्री प्रश्न विचारण्यास आली. तिचा बाप इतका वृद्ध होता की त्याला वाहनावर बसवत नव्हते. त्याच्या वतीने तिने यात्रा करावी काय, असा तिचा प्रश्न. फज्ल तिच्याकडे पाहू लागला. पैगंबरांनी हाताने त्याचे तोंड दुसरीकडे वळविले आणि स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ती यात्राव्रतस्थ असल्यामुळे तिचे मुख अनाच्छादित असणे साहजिक होते व त्यावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही, असे काही धर्मशास्त्रज्ञांनी म्हटले आहे. तो वाद मुखाच्छादनापुरता ग्राह्य धरला तरी तोंड कोणाचे वळविले गेले, हे त्याने बदलत नाही.

गझालीला ही परंपरा पूर्ण अवगत होती. तूस येथे 1058 मध्ये जन्मलेला हा पंडित 1091 मध्ये बगदादच्या निजामिया विद्यालयात प्रमुख अध्यापक झाला आणि अवघ्या चार वर्षांनी ते वैभव सोडून बाहेर पडला. लोकांत मिरविण्याचा मोह म्हणजे काय, हे त्याला ग्रंथांतून शिकावे लागले नाही. ‘इह्या’ हा त्या निर्गमनानंतरच्या काळातील ग्रंथ. त्यातील कमकुवत हदिसांबद्दल इब्न अल्-जौझीपासून अनेकांनी त्याला दोष दिला आहे व तो दोष खरा आहे. परंतु प्रस्तुत विषयात त्याचे महत्त्व हदीसशास्त्रज्ञ म्हणून नाही, माणसाच्या पारखीमुळे आहे.

उपार्जनाविषयीच्या तेराव्या किताबातील बाजाराचे चित्र थोडक्यात पाहिले तरी पुरे. बाजारात सर्वांच्या आधी शिरू नये व सर्वांच्या शेवटी बाहेर पडू नये, असे तो सांगतो. मालातील वैगुण्य दाखवूनच विकावे, असे बजावतो. यूनुस इब्न उबैद याची कथा तो देतो, तीही लक्षात राहण्याजोगी आहे. दोनशे दिरहमांचे वस्त्र त्याच्या पुतण्याने त्याच्या अनुपस्थितीत एका बदूला चारशेला विकले. वाटेत यूनुसला हे कळले, तेव्हा त्याने त्या बदूला परत आणून दोनशे दिरहम त्याच्या हातावर ठेवले. आपण संतुष्ट आहोत, असे गिऱ्हाईक सांगत असताही. मोह येथे विक्रेत्याचा आहे. गिऱ्हाईक अजाण आहे, हा त्या मोहाचा प्रसंग झाला. पण अजाण गिऱ्हाइकांनी बाजारात येऊ नये, असे त्यावरून कोणी म्हणत नाही.

एकोणिसाव्या किताबात मात्र विषय गुंतागुंतीचा होतो, कारण येथे दुसऱ्याच्या मोहावर लक्ष ठेवण्याचा अधिकार चर्चिला आहे. या अधिकाराला ‘हिस्बा’ व तो बजावणाऱ्यास ‘मुहतसिब’ म्हणतात. मावर्दीसारख्या राज्यशास्त्रकाराने (मृत्यू 1058) हे मुख्यतः शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे काम मानून त्याची स्वयंस्फूर्त उपदेशकाशी नऊ मुद्द्यांवर तुलना केली होती. गझाली हे दार सताड उघडतो. राजाची अनुज्ञा त्याला आवश्यक वाटत नाही. स्वतः निष्पाप असण्याची अटही तो नाकारतो, कारण तशी अट घातली तर हे कार्य करण्यास कोणीच उरणार नाही. गुलाम आणि स्त्री यांनाही हा अधिकार आहे, असे तो स्पष्ट नावे घेऊन सांगतो. अकराव्या शतकातील लेखकाच्या दृष्टीने हे विधान साहसाचे आहे.

अधिकार इतका सार्वत्रिक केल्यावर त्याला बांध घालणे भाग होते, आणि गझालीची खरी प्रतिभा या बांधबंदिस्तीत दिसते. निषेध करावयाचे कृत्य त्या क्षणी घडत असले पाहिजे. ते निषिद्ध असल्याबद्दल पंडितांत मतभेद नसावा. आणि ते हेरगिरीवाचून उघड झालेले असले पाहिजे. या शेवटच्या अटीचा विस्तार करताना तो जे तपशील देतो, त्यांवरून बगदादच्या गल्ल्यांतील उत्साही धर्मरक्षकांची एक मिरवणूकच डोळ्यांसमोर उभी राहते. दुसऱ्याच्या भिंतीला कान लावून तंतुवाद्याचा आवाज ऐकू नये. मद्याचा वास येतो काय म्हणून हुंगू नये. वस्त्राखाली बासरी दडविली आहे काय हे हाताने चाचपू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारीत बसू नये. कान, नाक, हात आणि जीभ, एकेका इंद्रियाचे नाव घेऊन तो निषेध करतो. इंद्रियनिग्रहाची जी भाषा मोहवशासाठी वापरावयाची, तीच त्याने रक्षकासाठी वापरली आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

याच संदर्भात हजरत उमर यांची कथा येते. भिंत चढून ते एका घरात उतरले व घरधन्याला निषिद्ध स्थितीत पाहून त्याची निर्भर्त्सना करू लागले. त्या मनुष्याने उत्तर दिले की, त्याच्या हातून ईश्वराचा एक अपराध घडला असेल, पण उमर यांच्या हातून तीन घडले: हेरगिरी निषिद्ध असता त्यांनी ती केली, घरात दारातून यावे अशी आज्ञा असता ते भिंतीवरून आले आणि परवानगी व अभिवादन आवश्यक असता त्यांनी दोन्ही टाळले. खलिफांनी पश्चात्तापाची अट घालून त्याला सोडून दिले. या कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न वेगळा आहे. नीतिग्रंथात तिचे स्थान काय, एवढाच येथे विचार आहे. आणि ते स्थान असे की, सर्वाधिक प्रतापी खलिफाला एका अपराध्याने कुराणाच्या आधारे निरुत्तर केल्याचे गझाली समाधानाने नमूद करतो. पापाचा रक्षकही मोहात पडतो. त्याचा मोह कोणता? तर पाहण्याचा. निषिद्ध गोष्ट निषेधाच्या निमित्ताने पाहावयास मिळावी, हाच तो मोह. आणि फटीतून डोकावणाऱ्याची दृष्टी व भिंतीवरून उतरणाऱ्याची दृष्टी यांत तत्त्वतः अंतर उरत नाही.

उपदेशाच्या पायऱ्या सांगताना गझाली आणखी खोल उतरतो. अज्ञान्याला ज्ञान देताना विद्वानाला आपल्या श्रेष्ठत्वाची व समोरच्याच्या हीनत्वाची गोडी लागते, आणि ही गोडी ज्या पापाचा तो निषेध करीत असतो त्याहूनही भयंकर असू शकते, असे त्याचे मत आहे. तो एक कसोटी देतो. तो मनुष्य आपल्या उपदेशाने सुधारावा, की स्वतःहून अथवा दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने सुधारावा, यांपैकी काय अधिक आवडेल, हे उपदेशकाने स्वतःला विचारावे. दुसरे आवडत असेल तरच त्याने तोंड उघडावे. येथे फित्ना पुन्हा आपल्या मूळ अर्थाने, कसोटी या अर्थाने, उपस्थित आहे, यद्यपि तो शब्द गझालीने या स्थळी योजलेला नाही.

व्यवहारात या बांधांचे काय झाले, हे विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या इतिहासावरून दिसते. सौदी अरेबियात याच सूत्राचे नाव धारण करणाऱ्या समितीचे पाठलाग व अटक करण्याचे अधिकार 2016 मध्ये शासनालाच काढून घ्यावे लागले. इराणमध्ये सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमीनी ही बावीस वर्षांची तरुणी शिरोवस्त्राच्या कारणावरून ताब्यात घेतली गेली आणि त्या कोठडीच्या काळातच मरण पावली. या घटनांचा दोष गझालीवर ठेवणे अर्थातच अन्यायाचे होईल. इराण तर शिया पंथाचा देश, त्याचे धर्मशास्त्र वेगळे; शिवाय त्या पथकांजवळ जे नव्हते तेच नेमके ‘इह्या’च्या या पृष्ठांत आहे. परंतु गझालीच्या ग्रंथातही दुसऱ्या अर्थाचे बीज नाही, असे म्हणता येत नाही.

ते बीज त्याच किताबाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. रूढ दुष्कृत्यांची गणना करताना तो मशिदी, बाजार, रस्ते, हमाम आणि मेजवान्या या क्रमाने जातो. रस्त्यांवरील भाग वाचताना नगरपालिकेचे उपनियम वाचीत असल्याचा भास होतो, आणि हे त्याच्या स्तुतीखातरच म्हटले आहे. घराला लागून ओटे बांधून वाट अडविणे, जनावरे बांधून ती अरुंद करणे, काट्यांचे भारे अशा रीतीने नेणे की लोकांची वस्त्रे फाटावीत, खाटकाने दुकानाच्या दारात जनावर कापून रस्ता रक्ताने माखणे, कलिंगडाच्या साली फेकणे, पाणी शिंपडून घसरण करणे, चावरे कुत्रे दाराशी ठेवणे, हे सर्व त्याच्या मते धार्मिक निषेधाचे विषय. हमामात साबण जमिनीवर टाकून जाणाऱ्यामुळे दुसरा घसरून पडला तर जबाबदारी कोणाची, याचाही तो ऊहापोह करतो. रस्त्याच्या हक्काविषयीच्या हदिसेतील ‘उपद्रव न देणे’ या कलमाचे हे भाष्यच होय, आणि त्यात प्रत्येक वेळी भार उपद्रव देणाऱ्यावर आहे.

मशिदीचा भाग मात्र निराळा आहे. नटूनथटून स्त्रीश्रोत्यांसमोर कविता आळवणाऱ्या तरुण प्रवचनकारास तो प्रथम फटकारतो. हे त्याच्या पद्धतीस धरूनच झाले. पण लगेच तो म्हणतो की, स्त्रियांमुळे फित्नेचे भय असेल तेथे त्यांना प्रार्थनेसाठी व धर्मसभांसाठी मशिदीत येण्यापासून रोखणे आवश्यक आहे. आणि त्यासाठी हजरत आयेशा यांचा आधार देतो. याच किताबाच्या आधीच्या प्रकरणात जी स्त्री निषेधाची अधिकारिणी म्हणून नावानिशी आली, तीच येथे निषेधाचा विषय झाली. दोन प्रकरणांच्या दरम्यान तिने काही केलेले नाही. बदलला आहे तो शब्दाचा अर्थ.

विवाहविषयक बाराव्या किताबात या बदलाचे समर्थनही आढळते, आणि ते तर्कदृष्ट्या फार बोलके आहे. पुरुषाचे मुख स्त्रीने पाहणे सरसकट निषिद्ध नाही, मोहाचे भय असेल तरच निषिद्ध, असे तेथे गझाली म्हणतो. म्हणजे पुरुषही स्त्रीची फित्ना होऊ शकतो, हे त्याला मान्य आहे. मग पुरुषाने घरी का बसू नये? हा प्रश्न टाळण्याइतका तो अप्रामाणिक नाही. त्याचे उत्तर असे की, सर्व काळी पुरुष उघड्या मुखाने वावरत आले व स्त्रिया मुख झाकून बाहेर पडत आल्या. दोघांची स्थिती सारखी असती तर पुरुषांनाही मुखाच्छादनाची आज्ञा अथवा बाहेर पडण्याची बंदी झाली असती. रूढी काय आहे हे सांगून तीच विधीचे प्रमाण म्हणून पुढे करण्याचा हा प्रकार आहे. कार्यकारणाचा संबंध केवळ सवयीचा असतो, असे ‘तहाफुत अल्-फलासिफा’त तत्त्ववेत्त्यांना बजावणाऱ्या गझालीने येथे सवयीलाच कारण मानावे, हे नवल आहे.

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, 24.31 या वचनात स्त्रियांना आपले सौंदर्य न मिरविण्याची आज्ञा स्पष्टच आहे. तेव्हा सर्व भार पाहणाऱ्यावर आहे असे म्हणणे एकांगी होईल. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती आज्ञा स्त्रीच्या स्वतःच्या आचाराविषयीची आहे, तिला सार्वजनिक स्थानातून दूर करण्याची नव्हे; शिवाय ती दृष्टिसंयमाच्या आज्ञेनंतर येते, तिच्याऐवजी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुरुषांना स्त्रियांहून अधिक हानिकारक फित्ना मागे राहिलेली नाही, अशी हदीस बुखारीतच आहे. म्हणून अर्थांतराचा आरोप गझालीवर कसा येतो? खरे पाहता अर्थांतर त्याच्या फार पूर्वी सुरू झाले होते आणि त्याच्यानंतर ते शास्त्राच्या रूपाने दृढ झाले. निषिद्धाकडे नेणारी वैध साधनेही रोखावीत, या तत्त्वाच्या समर्थनार्थ इब्न कय्यिम अल्-जौझिया (मृत्यू 1350) याने नव्व्याण्णव दाखले दिले. पण उपरोक्त हदिसेतही कसोटी पुरुषांची सांगितली आहे. अपेक्षा होती ती ही की, पापरक्षकाच्या मनातील पाहण्याची हाव ज्याने पकडली त्याने हा भेदही पकडावा. बाजारात रस्ता ओलांडणाऱ्या सामान्य माणसांविषयी तर मावर्दीसारखा रुक्ष राज्यशास्त्रकारही अधिक समंजस ठरतो: वर्दळीच्या वाटेवर पुरुष व स्त्री बोलत उभी असतील आणि संशयास्पद चिन्ह दिसत नसेल, तर मुहतसिबाने त्यांना हटकू नये, कारण लोकांना याखेरीज गत्यंतर नसते, असे तो लिहितो.

गझाली आपल्या निर्णयाविषयी निःशंक होता असेही दिसत नाही. बाराव्या किताबातच तो इब्न उमर यांचा प्रसंग नमूद करतो. ईश्वराच्या दासींना मशिदींपासून अडवू नका, ही पैगंबरांची आज्ञा इब्न उमर यांनी सांगितली, तेव्हा त्यांचा एक मुलगा उद्गारला की, आपण तर त्यांना अडविणार. इब्न उमर त्याच्यावर इतके संतापले की त्यांनी हात उगारला. गझाली मुलाची बाजू घेतो. काळ बिघडल्याचे मुलाने ओळखले होते आणि बापाचा राग केवळ कारण न सांगता आज्ञेला उघड विरोध केल्याबद्दल होता, असा तो खुलासा करतो. खुलासा चतुर आहे. पण तो कथेत नाही, कथेबाहेरून आणलेला आहे. आणि कथा वगळणे त्याला सहज शक्य असता त्याने ती वगळली नाही. बापाचा राग त्या पृष्ठावर जसाच्या तसा राहिला आहे.